रनिंग बॅकला मोठा करार द्यावा का? (एका दुखावलेल्या जायंट्सवाल्याचा प्रश्न)

एडिसनकर

लोकहो, इथे अमेरिकन फुटबॉल बघणारे कितीजण आहेत माहीत नाही, पण बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय.

न्यू जर्सीत येऊन सतरा वर्षं झाली. सुरुवातीला हा खेळ म्हणजे दर दहा सेकंदांनी थांबणारी मारामारी वाटायची. मग ऑफिसातल्यांनी फँटसी लीगमध्ये ओढलं, आणि २०१८ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंची संघवार निवड) आमच्या न्यू यॉर्क जायंट्सनी दुसऱ्या क्रमांकावर सेक्वॉन बार्कली या रनिंग बॅकला, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला, उचललं. त्याच्या मांड्या बघूनच मी पक्षात दाखल झालो. मुलगा तेव्हा सहा वर्षांचा. त्याला २६ नंबरची निळी जर्सी घेतली, आपल्या सवयीप्रमाणे दोन साइझ मोठी, 'पुढच्या वर्षीही होईल' म्हणून. ती त्याच्या अंगाला नीट बसायच्या आत बार्कलीचा गुडघा गेला (सप्टेंबर २०२०, शिकागो, एसीएल). आणि ती आखूड होईपर्यंत बार्कली फिलाडेल्फियाला गेला.

पुढचं रामायण बघणाऱ्यांना पाठ आहे. २०२३ मध्ये आमच्या लोकांनी क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, खेळ चालवणारा) डॅनियल जोन्सला चार वर्षांचे १६० मिलियन डॉलर दिले आणि बार्कलीच्या हातात फ्रँचायझी टॅग (करार संपलेल्या खेळाडूला ठरलेल्या पगारावर आणखी एक वर्ष अडवायचा संघाचा हक्क) ठेवला, एका वर्षाचे साधारण १०.१ मिलियन. मार्च २०२४ मध्ये फिलाडेल्फियाच्या ईगल्सनी त्याला तीन वर्षांचे ३७.७५ मिलियन दिले, त्यातले २६ गॅरंटीड. त्याने त्याच मोसमात पळून २,००५ यार्ड काढले आणि आपल्या २८ व्या वाढदिवशी सुपर बोल (लीगची फायनल) जिंकला. जोन्सला आम्ही नोव्हेंबरातच नारळ दिला होता. मार्च २०२५ मध्ये ईगल्सनी बार्कलीला आणखी दोन वर्षांचे ४१.२ मिलियन दिले. वर्षाला वीसच्या वर गेलेला हा पहिलाच रनिंग बॅक.

ऑक्टोबर २०२४ मध्ये तो हिरव्या कपड्यांत मेटलाइफला, आमच्या मैदानावर, आला, तेव्हा पोराला घेऊन गेलो होतो. आमच्याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली. त्याने १७ वेळा चेंडू घेऊन १७६ यार्ड काढले, आम्ही ३-२८ हरलो. तिसऱ्या क्वार्टरनंतर पोरगा हळूच म्हणाला, "बाबा, टाळ्या वाजवल्या तर चालेल का?"

तर, जायंट्स चुकले का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

हिरवी_मिरची

अहो एडिसनकर, तुमच्या दुःखात सहभागी आहे असं म्हणवत नाही, माफ करा. :)

मी एक्स्टनला राहते, फिलाडेल्फियाजवळ. २०२४ ची भाऊबीज ३ नोव्हेंबरला होती. भाऊ पाटावर, माझ्या हातात ओवाळणीचं ताट, समोर टीव्हीवर जॅक्सनव्हिलशी मॅच. बार्कलीने एकाला गिरकी घेऊन चुकवलं आणि पुढच्याकडे पाठ असतानाच त्याच्या डोक्यावरून उलटी उडी मारली. मी किंचाळले, निरांजन विझलं, आई अजून बोलून दाखवते.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्या उडीत नाही. त्याच्या पुढे कोण उभं होतं बघा. डावीकडे जॉर्डन मायलाटा, सहा फूट आठ इंच, ऑस्ट्रेलियात रग्बी खेळून आलेला. उजवीकडे लेन जॉन्सन. शिवाय क्वार्टरबॅक हर्ट्स स्वतः पळणारा, त्यामुळे बचावाचा एक माणूस कायम त्याच्यावर डोळा ठेवून. तुमच्याकडे बिचाऱ्याला चेंडू मिळाला की मागच्या अंगणातच दोघेजण स्वागताला हजर असायचे. त्याला जे पैसे मिळाले त्याचं चीज त्याला वाट काढून देणाऱ्या या लायनीने केलं.

आकडेमोड

मी प्लेनोला असतो, म्हणजे डॅलस काउबॉइजच्या गोटात. धंदा विम्याचा, तेव्हा जरा रूक्ष लिहितो.

बार्कलीचं उदाहरण डोळे दिपवणारं आहे, पण आमच्याकडे झालेलं सांगतो. आमचा रनिंग बॅक इझिकिएल एलियट पहिल्याच वर्षी, २०१६ मध्ये, १,६३१ यार्डांसह लीगमध्ये पहिला. २०१९ मध्ये तो कॅम्प सोडून मेक्सिकोत जाऊन बसला. जुन्या कराराची दोन वर्षं शिल्लक होती, तरी मालक नमले: सहा वर्षांचे ९० मिलियन, ५० गॅरंटीड. २०२२ मध्ये त्याचे ८७६ यार्ड, आणि मार्च २०२३ मध्ये निरोप. साइनिंग बोनस हिशेबात पाच वर्षांपर्यंत पसरून दाखवता येतो. माणूस आधी काढला तर उरलेला हप्ता सॅलरी कॅपवर (संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा) येऊन बसतो. घर विकलं तरी कर्ज चालूच, असा प्रकार.

रॅम्सचा टॉड गर्ली तर त्याच्या वरताण. जुलै २०१८ मध्ये चार वर्षांची वाढ, ५७.५ मिलियन. फेब्रुवारी २०१९ च्या सुपर बोलमध्ये दहा वेळा चेंडू आणि ३५ यार्ड. गुडघा बोलायला लागला होता. मार्च २०२० मध्ये सोडला, म्हणजे वाढवलेल्या चार वर्षांतलं पहिलं वर्षही सुरू व्हायच्या आत! २०१८ च्याच मोसमात डिसेंबरात रॅम्सनी सी. जे. अँडरसनला आणला, त्या मोसमात आधी दोन संघांनी काढून टाकलेला. त्याने प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) आमच्याविरुद्ध १२३ यार्ड काढले. ती मॅच मी अजून पुन्हा बघितलेली नाही.

बाणेर_टेकडी

वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका. चेंडू घेऊन पळतो तो रनिंग बॅक ना? मग सगळ्यात महाग तोच असायला हवा. क्वार्टरबॅकला तिप्पट पैसे का?

एडिसनकर

@बाणेर_टेकडी, शंका अजिबात बाळबोध नाही. हाच तर सल आहे.

कबड्डीत चढाईला जाणारा असतो तसा समजा, फक्त तो चेंडू काखेत मारून अकरा जणांच्या अंगावर जातो, तेही मॅचमध्ये वीस-पंचवीस वेळा. दर वेळी कोणीतरी शंभर किलोचा गडी गुडघ्यावर येऊन आदळतो. क्वार्टरबॅक पस्तिशीतही खेळतो, याचं शरीर सव्विशी-सत्ताविशीत कुरकुरायला लागतं. आणि लीगची रचना अशी की ड्राफ्टमध्ये घेतलेला पोरगा पहिली चार वर्षं ठरलेल्या पगारावर. पहिल्या फेरीतला असेल तर पाचवं वर्षही संघाच्या मर्जीवर. वर टॅग लावून सहावं. मोकळा होईपर्यंत उसाचा रस काढून झालेला असतो, मग चिपाडाला कोण भाव देणार?

टॅगची गंमत ऐका. २०१७ मध्ये रनिंग बॅकचा टॅग १२.१ मिलियन होता, २०२३ मध्ये १०.१. मधल्या काळात संघाची कॅप १६७ वरून २२४.८ वर गेली. बाकी सगळं महागलं, हेच स्वस्त झालं. क्वार्टरबॅकचा टॅग त्याच वर्षी ३२.४. टॅग ठरतो त्या जागेवरच्या सर्वात महाग खेळाडूंच्या सरासरीवरून. म्हणजे मोठे करार कोणी दिले नाहीत की टॅगही खाली, आणि टॅग खाली की मोठा करार मागायला तोंड उरत नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात हे सगळे रनिंग बॅक झूमवर जमले होते. झूमवर दुसरं काय निष्पन्न होणार! लीव्हियन बेलने २०१८ मध्ये पिट्सबर्गचा १४.५ मिलियनचा टॅग नाकारून अख्खा मोसम घरी काढला होता, पण त्याच्या जागी आलेल्या जेम्स कॉनरचं बरं चाललं आणि बेलची वट गेली.

आकडेमोड, तुमचं गणित पटतं. पण मग रनिंग बॅक ख्रिश्चन मॅकॅफ्रीचं काय?

आकडेमोड

मॅकॅफ्री दोन्ही बाजूंनी साक्ष देतो. कॅरोलायनाने २०२० मध्ये चार वर्षांचे ६४ मिलियन दिले. त्याने त्या वर्षी ३ मॅच खेळल्या, पुढच्या वर्षी ७. ऑक्टोबर २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने चार ड्राफ्ट पिक देऊन नेला आणि २०२३ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम आक्रमक खेळाडू. त्यांनी करार वाढवला, २०२४ मध्ये परत ४ मॅच. विम्याच्या भाषेत असा ग्राहक आला की आम्ही हप्ता दुप्पट सांगतो आणि तो निघून जाईल अशी आशा करतो.

डेरिक हेन्रीने मात्र माझे सगळे तक्ते फाडले. तिशीत बाल्टिमोरला गेला, दोन वर्षांचे १६ मिलियन, आणि १,९२१ यार्ड. त्याच्यावरून कोणी धोरण ठरवू नये. माझं मत: पैसे द्या, पण घर बांधून झाल्यावर, आणि गॅरंटी दोन वर्षांच्या पुढे नको.

हिरवी_मिरची

एक राहिलंच. २०२४ च्या मोसमातल्या शेवटच्या साखळी मॅचला बार्कली एरिक डिकरसनचा १९८४ चा, एका मोसमातल्या सर्वाधिक यार्डांचा विक्रम मोडण्यापासून १०१ यार्ड दूर होता. समोर कोण? तुमचेच जायंट्स! प्रशिक्षकाने बसवला, आम्ही हळहळलो. पण ३४५ वेळा चेंडू घेऊन झाला होता, प्लेऑफमध्ये आणखी ९१ वेळा घेतला. मोठा पैसा ओतल्यावर माणूस जपायचाही असतो हे आमच्या लोकांना कळलं.

एडिसनकर

त्या मॅचची तिकिटं मी घेणार होतो, नाही घेतली. त्याबद्दल आणखी काही विचारू नका.

सगळ्यांचं वाचून मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. २०२४ मध्ये आमच्या मोडक्या लायनीमागे त्याला ३७ मिलियन देऊन काहीही झालं नसतं. तो सहा वर्षं होता, त्यात आमचा धड मोसम एकच, २०२२ चा. चूक २०१८ मध्येच झाली. पाया नसताना आधी झुंबर आणलं. त्याच ड्राफ्टमध्ये क्वेंटन नेल्सन सहाव्या क्रमांकावर कोल्ट्सकडे गेला, लायनीतला गार्ड, भिंतीसारखा माणूस. दुसऱ्या क्रमांकावर त्याला घ्यायला हवा होता, हे आज छाती ठोकून सांगतो.

अर्थात, सहा वर्षांच्या पोराला गार्डची जर्सी कोण घेतं, हा प्रश्न उरतोच.