शब्दचर्चा: 'ऑडिओ स्पिन-ऑफ'ला मराठीत काय म्हणाल?

'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानमालिकेची ओळख करून देणारा एक लांबलचक लेख मराठीत लिहितो आहे. दूरचित्रवाणीवरच्या भागांपर्यंत गाडी नीट चालली. २३ नोव्हेंबर १९६३ला बीबीसीवर झालेली सुरुवात, नायक 'डॉक्टर', त्याचं टार्डिस हे कालयान म्हणजे पोलिसांची निळी पेटी, बाहेरून एवढीशी आणि आतून ऐसपैस, सगळं मराठीत बसलं. घोडं अडलं ते बिग फिनिशपाशी. जुलै १९९९मध्ये 'द सायरन्स ऑफ टाइम' आलं, तेव्हापासून ही कंपनी मालिकेतल्याच नटांना घेऊन फक्त ऐकायच्या डॉक्टरकथा काढते आहे. शिवाय 'गॅलिफ्रे', 'डालेक एम्पायर', 'जॅगो अँड लाइटफूट' अशी बाजूची बिऱ्हाडं आहेतच.

पहिल्या खर्ड्यात मी 'ध्वनिफितीवरील उपमालिका' असं लिहिलं. वाचून पाहिलं तर सरकारी परिपत्रक. त्यात ध्वनिफीत म्हणजे ती वस्तू, तिच्यातली गोष्ट नव्हे. नुसतं 'ऑडिओ' ठेवावं तर लिंगाचा घोळ: ऑडिओ आला, आली की आलं? माझ्याच लेखात तिन्ही सापडले. तेव्हा प्रश्न दोन. ऐकायच्या नाटकाला काय म्हणावं, आणि स्पिन-ऑफला काय?

*

पहिल्या प्रश्नाचं उत्तर घरातच आहे की. श्रुतिका. रेडिओवर नाटकं ऐकत वाढलेल्या पिढीला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. सोबत 'नभोनाट्य'ही आहे.

*

दोन्ही शब्द आहेत, पण एकाच मापाचे नाहीत. नभोनाट्यातलं 'नभ' हे नभोवाणीतलं, म्हणजे प्रक्षेपण हवंच. बीबीसी रेडिओ ४वर १९८५मध्ये 'स्लिपबॅक' लागलं, ते नभोनाट्य. 'द सायरन्स ऑफ टाइम' दुकानात विकायला आलं, आकाशातून कुठूनच गेलं नाही. त्याला नभोनाट्य म्हणणं म्हणजे विहिरीच्या पाण्याला पाऊस म्हणणं.

आता गंमत बघा. पॉल मॅकगॅनच्या आठव्या डॉक्टरचं (नायकाचा देह बदलतो तसा नटही बदलतो, म्हणून हा आकडा) 'ब्लड ऑफ द डालेक्स' ३१ डिसेंबर २००६ला बीबीसी ७ या रेडिओवाहिनीवर लागलं आणि पुढे सीडीवरही आलं. नाटक तेच, संवाद तेच. मग आधी नभोनाट्य आणि सीडीवर चढलं की श्रुतिका? माध्यम बदललं म्हणून नाव बदलायचं नसेल, तर ज्या शब्दात फक्त 'ऐकणं' आहे तोच धरावा. माझं मत श्रुतिकेला.

*

एक शंका. श्रुतिकेतला 'इका' लघुत्व दाखवतो ना? नाटक मोठं, नाटिका छोटी. बिग फिनिशची गोष्ट चार भागांची, दोन सीडींची, साधारण दोन तासांची असते. तिला 'इका' लावणं जरा अन्यायाचं वाटतं.

*

मग मालिकेतही तोच 'इका' आहे आणि ती १९६३पासून चालू आहे. प्रत्ययाला फार मनावर घेऊ नका.

खरी अडचण वेगळी आहे, ती म्हणजे सगळंच श्रुतिका नसतं. 'कम्पॅनियन क्रॉनिकल्स' ऐकलंय? त्यात डॉक्टरचा एखादा जुना सोबती स्वतःची आठवण सांगतो, मध्येच डॉक्टरच्या लकबीत बोलतो, जोडीला फार तर आणखी एक आवाज. सुरुवातीच्या डॉक्टरांचे नट हयात नाहीत, त्यावर काढलेली ही तोड. मराठीत याला 'अभिवाचन' हा नेमका शब्द आहे: वाचिक अभिनय आहे, पण पूर्ण नाटक नाही. आणि एकानेच सरळ कादंबरी वाचून दाखवली तर ते श्राव्यपुस्तक. इंग्रजीत तिन्हींना 'ऑडिओ' म्हणून मोकळे होतात. इथे मराठी जास्त बारकाईने बोलू शकते, तर ती संधी का घालवा?

*

स्पिन-ऑफसाठी 'पोटमालिका' सुचवतो. पोटजात, पोटकलम, पोटनियम हे शब्द रुळलेले आहेत, त्याच वळणावर. 'उपमालिका'पेक्षा हा बोलीत चांगला बसतो.

*

पोटभाडेकरूही त्याच वळणावर आहे, हे लक्षात असू द्या. 'पोट' लावलं की मूळ मालक दुसरा, हा भाव आपसूक येतो. 'टॉर्चवुड' या पडद्यावरच्या पोटमालिकेला तो चालेल; तिचं नावच मुळी 'डॉक्टर हू'ची अक्षरं उलटसुलट करून बनवलेलं आहे. पण बर्निस समरफील्डचं काय करणार? हे पात्र डॉक्टरच्या कादंबऱ्यांमधून आलं, आणि तिच्या श्रुतिका बिग फिनिशने १९९८मध्ये काढल्या, डॉक्टरचे हक्क हाती यायच्या आधी. म्हणजे या घरात पोट आधी आलं, मालिका मागून.

शिवाय काळ बघा. १९८९च्या डिसेंबरात मालिका बंद पडली. १९९६मधला एक चित्रपट सोडला तर २००५च्या मार्चपर्यंत पडद्यावर नवी मालिका नव्हती. त्यातली शेवटची पाचेक वर्षं नवा डॉक्टर ऐकायचा तर याच सीड्यांवर. पुढे रॉब शिअरमनने स्वतःच्याच 'जुबिली' (२००३) या श्रुतिकेतली कल्पना घेऊन २००५च्या पुनरागमनात 'डालेक' हा भाग लिहिला. फांदीवरून खाली आलेली मुळी जमिनीत रुजून वरच्या झाडाला टेकू देते, तिला आपल्याकडे पारंबी म्हणतात.

*

पारंबी सुंदर आहे, पण ती उपमा झाली, संज्ञा नव्हे. 'या महिन्यात तीन नव्या पारंब्या प्रकाशित' असं वाचून मी तरी बागकामाचं सदर समजून पान उलटेन. संज्ञा म्हणून 'पोटमालिका'च ठेवा आणि पारंबी लेखात एकदाच, योग्य जागी वापरा.

*

'श्रुतिका' ठरत असेल तर तिच्या पोटातला विनोदही कळून घ्या. आपल्याकडे प्रामाण्याची उतरंड काय? आधी श्रुती, मग स्मृती. आणि या मालिकेच्या चाहत्यांमधला सगळ्यात जुना वाद कसला? ऐकलेलं खरं धरायचं की नाही याचा! पडद्यावर दिसलं ते प्रमाण, श्रुतिकांमधलं प्रक्षिप्त, असं मानणारा एक कडवा पंथ आहे. (इंग्रजीतल्या 'कॅनन'साठी मी 'प्रमाण' आणि 'प्रक्षिप्त' हीच जोडी वापरतो. ओव्यांच्या पाठभेदांवर भांडायला जी भाषा पुरली, तिला डालेक, म्हणजे डॉक्टरचे ते जुने शत्रू, जड नाहीत.) बीबीसीने प्रमाण-अप्रमाण अशी यादी कधी काढलेली नाही, त्यामुळे निवाडा करणारं कोणी नाही.

पण दोन गोष्टी श्रुतीच्या बाजूने जातात. साठच्या दशकातल्या कित्येक भागांची चित्रं बीबीसीच्या संग्रहातून नाहीशी झाली. आवाज मात्र एकूणएक भागाचा आहे, कारण घरोघरच्या प्रेक्षकांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून तो उतरवून ठेवला होता. म्हणजे प्रमाण मानलेल्या मालिकेचा एक हिस्सा आज निव्वळ कर्णोपकर्णी टिकलेला आहे. दुसरी, नोव्हेंबर २०१३मधली 'द नाइट ऑफ द डॉक्टर' ही छोटी चित्रफीत. आठवा डॉक्टर मरणाच्या दारात आपल्या सोबत्यांची नावं घेतो: चार्ली, क्रिझ, लूसी, टॅमसिन, मॉली. पाचही जण श्रुतिकांमधले, पडद्यावर कधीच न आलेले. त्या पाच नावांनी कडव्या पंथाची पंचाईत केली. मी तर ते ऐकून खुर्चीतून उठलो होतो.

*

जाता जाता 'रीजनरेशन'चं, म्हणजे डॉक्टरच्या देह बदलण्याचंही मार्गी लावा. 'पुनर्जन्म' नको, कारण जुन्या आठवणी शाबूत असतात आणि पाळण्यापासून सुरुवात होत नाही. 'परकायाप्रवेश' नको, काया परकी नाहीच. 'कायापालट' चपखल. मालिकेलाही हा शब्द उशिराच सापडला होता. ऑक्टोबर १९६६मध्ये विल्यम हार्टनेल जाऊन पॅट्रिक ट्राउटन आला तेव्हा नुसतं 'नवा झालो' अशा अर्थाचं बोलून वेळ मारून नेली. 'रीजनरेशन' हा शब्द थेट १९७४मध्ये आला, जॉन पर्टवीच्या शेवटच्या कथेत.

*

कायापालट ही क्रिया झाली. एकेका रूपाला मात्र 'अवतार'च म्हणा. सहाव्या डॉक्टरचा तो गोधडीसारखा रंगीबेरंगी कोट पाहून 'काय हा अवतार!' असं तोंडून निघतंच, तेव्हा शब्दाचे दोन्ही अर्थ वसूल.

*

मंडळी, श्रुतिका, अभिवाचन, पोटमालिका, प्रमाण, कायापालट हे सगळं घेतलं. पारंबी एकदाच येईल, वचन देतो.

पण आता वेगळंच कुसळ खुपतंय. इंग्रजीत डॉक्टरला आदरार्थी रूप लागत नाही. मराठीत 'डॉक्टर आला' लिहिलं की तो दवाखान्यातला असो वा गॅलिफ्रे या आपल्या मायग्रहाचा, कान टोचतो. 'डॉक्टर आले' लिहिलं तर पोरकटपणा करत पळणारा हा माणूस एकदम पोक्त होतो. जोडी व्हिटेकरच्या तेराव्या अवतारात तर 'डॉक्टर आल्या'. मग सगळ्या अवतारांबद्दल मिळून एकच वाक्य लिहायचं तर क्रियापद कुठलं? आणि लूसी मिलरसारखी तोंडाळ पोरगी त्याला 'अहो' म्हणेल, हे मला मरेपर्यंत पटणार नाही.

*

लूसी 'अरे'च म्हणेल. चार्ली मात्र १९३०मधली, शिष्टाचारात वाढलेली. ती 'अहो'ने सुरुवात करेल आणि चार-पाच श्रुतिकांनी 'अरे'वर येईल. इंग्रजीला दाखवता येत नाही ते तुम्हाला एका सर्वनामात दाखवता येतंय, तक्रार कसली करता! निवेदनात मी 'आले' ठेवेन, संवादात ज्याचं त्याने ठरवावं. सगळ्या अवतारांसाठी वाक्यच फिरवा, 'डॉक्टरने' करून टाका. 'डॉक्टरने पेटी पळवली' म्हटलं की क्रियापद पेटीच्या मागे जातं, डॉक्टर कुणीही असो.

*

वा, 'डॉक्टरने' घेतलं. नमुन्याला लेखातलं एक वाक्य देतो: 'श्रुतिकेत पेटी दिसत नाही, म्हणून टार्डिसची घरघर ऐकू आली की समजावं, डॉक्टर आले.'

*

घरघर नको हो! घरघर लागते ती शेवटच्या घटकेला. बीबीसीच्या ब्रायन हॉजसनने पियानोच्या तारांवर घराची किल्ली खरवडून तो आवाज तयार केला होता. तेव्हा 'खरखर' लिहा, किंवा 'धापा टाकत पेटी उतरली' असं काहीतरी.

*

'खरखर' लिहिलं की लोक सीडी खराब आहे म्हणून परत करतील. धापाच घेतो.