मॉडेलरमध्ये काही नोट ठणकन येतात, काही उठतच नाहीत

रात्रपाळीवाला

महिनाभर डोकं पिकलंय, म्हणून शेवटी इथे विचारतोय.

गिटार तीन सिंगल कॉइल पिकअपवाली (पिकअप म्हणजे तारेचं डोलणं पकडणारं चुंबक आणि तारेचं वेटोळं, इथे एकेकच वेटोळं), दहाच्या तारा (सगळ्यात बारीक तार ०.०१० इंच). केबल सरळ मॉडेलरमध्ये (अँप आणि इफेक्ट्सची डिजिटल नक्कल करणारा डबा), तिथून हेडफोन. घरात लहान बाळ आहे, त्यामुळे माझं वाजवणं रात्री अकरानंतर आणि तेही हेडफोनवरच. टोन फार फाटलेला नाही, जोरात मारलं की जरासा चरचरतो एवढाच. साखळी अशी: गेट (शांततेत गुणगुण अडवणारा), कंप्रेसर (जोराचे आवाज दाबून हळूचे वर उचलणारा), ओव्हरड्राइव्ह (आवाज जरासा फाडणारा), अँप, कॅबिनेटचा आयआर (स्पीकरच्या खोक्याच्या आवाजाचा ठसा), शेवटी थोडा रिव्हर्ब. प्रीसेट (या सगळ्याची साठवलेली जुळणी) स्वतःचा नाही, कुणीतरी नेटवर टाकलेला उतरवून घेतलाय.

आता रड अशी. चौथ्या तारेवर पाचव्या फ्रेटला सलग आठ टोले मारतो. पहिला येतो तो उशीखालून आल्यासारखा, 'ठ' गायब आणि नुसतं 'अण्'. पुढचे येतात, पण तेही एकसारखे नाहीत. हळू वाजवलं की जास्त त्रास, भरभर वाजवलं की कमी. व्हायला पाहिजे उलटं ना? शिवाय सहाव्या तारेवर बाराव्या फ्रेटच्या पुढे गेलो की नोट वेडीवाकडी लागते, एकाच तारेतून दोन सूर भांडत बाहेर पडल्यासारखे.

तारा बदलल्या. तीन जाडीचे पिक झाले. केबल बदलली. फर्मवेअर अपडेट केलं, मग फॅक्टरी रीसेटही केलं (आधीचे प्रीसेट बॅकअप न घेता उडवले, ते दुःख वेगळं). माझ्या जुन्या व्हॉल्व्ह अँपवर हे असलं काही व्हायचं नाही. मॉडेलरच्या इनपुटमध्येच खोट असेल का? विकून मोकळा होऊ?

एक_दोन_तीन_चार

उजवा हात. मेट्रोनोम लावा.

रात्रपाळीवाला

वीस वर्षं वाजवतोय हो. हात काय महिन्यापूर्वी बिघडला?

रोझिनचा धूर

विकू नका, थांबा जरा. तुम्ही एक सोन्यासारखी गोष्ट लिहिली आहे आणि तिच्याकडे तुमचंच लक्ष नाही: हळू वाजवलं की जास्त त्रास.

अटॅक (नोटेची पहिली कडा) खाणारे ब्लॉक (साखळीतले हे एकेक तुकडे) पुष्कळ आहेत, पण प्रत्येकाची खायची तऱ्हा निराळी. गेट शांततेनंतरची पहिली नोट खातो. आवाज ठरावीक पातळीच्या वर गेल्यावर तो दार उघडतो, आणि उघडेपर्यंत पिकचा 'ठ' निघून गेलेला असतो. एकदा उघडला की थोडा वेळ उघडाच राहतो, म्हणून भरभर वाजवताना फक्त पहिलीच नोट मरते. हळू वाजवलंत की दोन नोटांच्या मध्ये तो पुन्हा मिटतो आणि दर वेळी नवा घास घेतो. कंप्रेसरचं याच्या बरोबर उलट. त्याचा रिलीज (दाब सोडायला लागणारा वेळ) लांब असेल तर पहिली नोट उसळते आणि मागच्या दबून येतात, कारण पहिलीसाठी खाली ओढलेला आवाज अजून वर आलेला नसतो. इनपुट क्लिप होत असेल (सिग्नल आत मावत नसेल) तर फक्त जोराचे टोले चपटे होतात, हलके शाबूत राहतात. अँपच्या मॉडेलमध्ये 'सॅग' जास्त असेल तर जोरात कॉर्ड मारल्यावर ती आधी दबते आणि मग फुगते. तो दोष नाही, व्हॉल्व्ह अँपच्या पॉवर सप्लायचा व्होल्टेज खाली बसतो त्याची ती नक्कल आहे. आणि एखाद्याच फ्रेटला, प्रत्येक प्रीसेटवर, दर वेळी गडबड होत असेल तर मॉडेलरला हात न लावता गिटारकडे बघायचं.

पण माझ्या बोलण्यावर विसंबू नका. यूएसबी लावा आणि दोन ट्रॅक एकदम रेकॉर्ड करा: एक गिटारचा कोरा, ब्लॉकमध्ये शिरण्याआधीचा, दुसरा सगळं होऊन बाहेर पडलेला. बहुतेक मॉडेलर कोरा सिग्नल वेगळ्या चॅनलवर देतात. मग स्क्रीनवर झूम करून टोल्याचा आरंभ बघा. कानाची समजूत घालता येते, वेव्हफॉर्मची नाही.

रात्रपाळीवाला

काल रात्री केलं. पहाटे दोनपर्यंत तेच बघत बसलो होतो.

कोऱ्या ट्रॅकवर प्रत्येक टोला भिंतीसारखा उभा: सपाट रेघ, एकदम कडा, मग हळूहळू उतार. बाहेरच्या ट्रॅकवर पहिल्या टोल्याला कडाच नाही, टेकडीसारखा चढ आहे. मोजला तर साधारण १५ मिलिसेकंद. ट्रॅक ४८ किलोहर्ट्झचा, म्हणजे सातशेच्या वर सॅम्पल नुसतं दार उघडण्यात गेली. गेटचा ब्लॉकच काढून टाकून पुन्हा वाजवलं तर चढ गायब, भिंत परत आली.

मग त्या प्रीसेटच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं वाचलं. बनवणाऱ्याने तो हंबकरसाठी (दोन कॉइलच्या पिकअपसाठी) बनवलाय! त्याचा सिग्नल माझ्यापेक्षा दणकट, त्यामुळे थ्रेशोल्डही (गेटचं दार उघडायची पातळी) वर ठेवलेला. माझी सिंगल कॉइल बिचारी दारावर थाप मारत उभी.

पण आता गेटचा ब्लॉक बंद ठेवला की गुणगुण येते, आणि मागे कंप्रेसर असल्यामुळे ती आणखी वर उचलली जाते. हेडफोनमध्ये असह्य.

रोझिनचा धूर

पूर्ण बंद नका ठेवू. थ्रेशोल्ड हळूहळू खाली आणत जा, गुणगुण जेमतेम थांबते तिथे सोडा. अटॅकचं बटण असेल तर सगळ्यात कमीवर, होल्ड आणि रिलीज वाढवा. आणि उठून खुर्ची फिरवा! सिंगल कॉइल म्हणजे अँटेनाच. लॅपटॉपच्या अडॅप्टरकडे तोंड करून बसलात की ओरडणारच. गिटार धरून एक चक्कर मारा, कुठल्या तरी कोनात आवाज एकदम पडतो. तिथे खुर्ची ठेवा. मी जमिनीवर चिकटपट्टीची खूण करून ठेवली आहे, घरचे हसतात.

जुन्या अँपवर असं व्हायचं नाही म्हणता, तर त्याला गेट होता कुठे? शिवाय स्पीकर आणि कान यांच्यामध्ये अख्खी खोली होती. हेडफोनवर खोली नसते, सगळी लक्तरं सरळ कानात.

पाचवी कॉइल

सहाव्या तारेचं कुणीच बोललं नाही. पिकअप फार वर आहेत तुमचे. सिंगल कॉइलच्या चुंबकाची कांडी थेट तारेखाली असते, ती जाड तारेला ओढते आणि तार नीट डोलू देत नाही. बाराव्याच्या पुढे तार पिकअपच्या अजून जवळ जाते म्हणून तिथे जास्त. शेवटचा फ्रेट दाबून धरा आणि तार ते चुंबक अंतर मोजा. मी जाड तारेकडे साधारण २ मि.मी. ठेवतो, बारीक तारेकडे थोडं कमी. मानेजवळच्या पिकअपपासून सुरुवात करा. मॉडेलर विकून नवा घेतला असतात तरी हे भूत बरोबर आलं असतं.

रात्रपाळीवाला

मोजलं. मानेजवळच्या पिकअपला जाड तारेखाली जेमतेम १ मि.मी.! आउटपुट वाढेल म्हणून मीच मागे कधीतरी स्क्रू पिळले होते. स्वच्छ विसरलो होतो. अर्धा अर्धा फेरा करत खाली आणला, २ च्या जरा पुढे थांबलो. सूर भांडायचे थांबले. आवाज थोडा घटला, तेवढा ओव्हरड्राइव्हवर भरून काढला.

आता एकच राहिलं. तार न उतरवता दोन सूर खाली वाजवायचा माझा एक प्रीसेट आहे, पिच शिफ्टवाला. त्यात जाड तारा मऊ आणि मागून येतात, बारीक ठीक. गेट तर त्यात नाहीच.

रोझिनचा धूर

ते तसंच राहणार. मोकळी सहावी तार ८२ हर्ट्झची, म्हणजे तिचं एक आवर्तन व्हायलाच १२ मिलिसेकंद लागतात. पहिली तार ३३० हर्ट्झच्या आसपास, तिचं तीनात उरकतं. सूर कुठला आहे हे कळल्याशिवाय तो खाली कसा नेणार? जाड तारेला वेळ जास्त लागतो, अटॅक थोडा पसरतोच. गंमत म्हणून ठेवा, रोजच्या वाजवण्याला जाड तारा लावून खरोखर खाली उतरवलेली दुसरी गिटार बरी.

एक_दोन_तीन_चार

पहिला टोला गेटने खाल्ला, मान्य. 'पुढचेही एकसारखे नाहीत' असं तुम्हीच लिहिलं होतं. त्याचं काय झालं? कोऱ्या ट्रॅकवर दोन ते आठ बघा.

रात्रपाळीवाला

बघितले. दुसरा, चौथा, सहावा, आठवा बुटके. म्हणजे पिक खालून वर जाताना हलकं लागतंय, दर वेळी. कोऱ्या ट्रॅकवर, कुठलाही ब्लॉक मध्ये नसताना.

मेट्रोनोम साठवर लावलाय. आता काही बोलू नका.