शब्दचर्चा : 'शाश्वत विमान इंधन', 'इंधन घट', 'निव्वळ शून्य' – मुलांच्या पुस्तिकेत हे शब्द चालतील का?

पाषाणरस्ता :
नमस्कार मंडळी. विमान आणि जहाज वाहतुकीतल्या स्वच्छ इंधनांवर आम्ही पुण्यातले काही जण मिळून अकरावी-बारावीच्या मुलांसाठी मराठी पुस्तिका करतो आहोत. मजकूर बराचसा झालाय, पण काही शब्दांपाशी गाडं अडलंय.

सगळ्यात मोठा अडसर 'सॅफ'चा. मराठी बातम्यांत त्याला 'शाश्वत विमान इंधन' म्हणतात. पुण्याला हा विषय परका नाही. इथल्याच प्राज इंडस्ट्रीजनं देशी कच्च्या मालापासून तयार केलेलं सॅफ मिसळून १९ मे २०२३ रोजी एअरएशिया इंडियाचं प्रवासी विमान पुण्याहून दिल्लीला गेलं होतं. पण शाश्वत म्हणजे कधीही नाश न पावणारं, आणि इंधन तर जळून जाण्यासाठीच असतं. 'शाश्वत इंधन' वाचून मुलाचा समज असा होतो की हे कधी संपत नाही, किंवा जळताना यातून काही बाहेरच पडत नाही. दोन्ही खोटं. एक किलो विमान इंधन जळलं की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. सॅफ जाळलं तरी इंजिनातून जवळपास तेवढाच निघतो. फरक एवढाच की त्यातला कर्ब, म्हणजे कार्बन, कोट्यवधी वर्षं जमिनीखाली गाडलेल्या तेलातला नसतो, तो पिकानं नुकताच हवेतून घेतलेला असतो. स्वच्छपणा इंजिनात नाही, उगमात आहे. तेव्हा शब्दानंही उगमाकडे बोट दाखवावं, असं मला मनापासून वाटतं.

'जैवइंधन' म्हणायला मी तयार होतो, पण ते अपुरं पडतं. पकडलेला कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन यांच्यापासून बनवलेलं कृत्रिम इंधनही सॅफच, आणि त्याला पिकाची गरज नाही. युरोपीय संघानं विमान इंधनात २०२५ पासून २ टक्के, २०३० मध्ये ६ टक्के आणि २०५० मध्ये ७० टक्के सॅफ बंधनकारक केलंय. त्या ७० पैकी ३५ टक्के हे कृत्रिम इंधन असायला हवं. म्हणजे 'जैव' म्हटलं तर पुढचा निम्मा भाग शब्दाबाहेर राहतो.

बाकीचे अडलेले शब्द : डीकार्बनायझेशन (कर्बाचं उत्सर्जन कमी करत नेणं), फ्युएल सेल (सध्या 'इंधन घट' लिहिलंय), नेट झीरो ('निव्वळ शून्य'). शिवाय जहाजांचे शब्द माझ्याकडे फारच कमी आहेत. जाणकारांनी सांगावं.

फळाआणिखडू :
डीकार्बनायझेशनसाठी 'निर्कार्बनीकरण' सर्रास दिसतं. ते कानाला खटकतं आणि व्याकरणालाही. 'निस्'पुढे क किंवा प आला की 'निष्' होतं : निष्काम, निष्कारण, निष्पाप. 'निर्' येतं ते निर्जंतुक, निर्मळ, निर्वात अशा ठिकाणी. म्हणून 'निष्कर्बीकरण' म्हणा. 'निर्जंतुकीकरण' सगळ्यांच्या तोंडी बसलंय, तर हेही बसेल.

'कर्ब' जुनाट वाटेल अशी शंका कोणी घेईल. त्यांनी एखाद्या शेतकऱ्याशी बोलून पाहावं. 'जमिनीतला सेंद्रिय कर्ब कमी झालाय' हे वाक्य आज गावोगाव ऐकू येतं. माती परीक्षणाच्या अहवालावरही तोच शब्द असतो. हा शब्द आयता जिवंत आहे, तो सोडू नका.

'इंधन घट' मात्र सुटा लिहू नका. पाठ्यपुस्तकात 'विद्युत घट' आहे म्हणून 'इंधन घट' केलं हे कळतं, पण वर्गात फळ्यावर लिहिल्यावर मुलांनी त्याचा अर्थ 'इंधनातली घट' असा लावला. त्यांचं काही चुकलं नाही, बातम्यांत 'उत्पादनात घट, पावसात घट' हेच ते वाचतात. जोडून 'इंधनघट' लिहा आणि पहिल्याच वाक्यात सांगा की यात हायड्रोजन जाळत नाहीत. हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग होऊन थेट वीज मिळते आणि पाणी बाहेर पडतं. उदाहरणही पुण्याशी जोडलेलंच घ्या. कोचीन शिपयार्डनं बांधलेल्या देशातल्या पहिल्या हायड्रोजन प्रवासी बोटीचं फेब्रुवारी २०२४ मध्ये उद्घाटन झालं. तिचे इंधनघट पुण्याच्या केपीआयटी या कंपनीचे आहेत.

'हरित' या शब्दाबद्दलही बोलायला हवं. 'हरितगृह वायू' वाईट आणि 'हरित हायड्रोजन' (अक्षय ऊर्जेतून बनवलेला) चांगला, हे आठवी-नववीच्या मुलाला कसं समजावणार? माझ्या वर्गात दरवर्षी हा प्रश्न येतो.

भीमाकाठ :
मी साखर कारखान्याच्या आसवनीत (डिस्टिलरीत) रसायनतज्ज्ञ आहे, त्यामुळे सॅफच्या कच्च्या मालाच्या शब्दांवर बोलतो. पुस्तिकेत 'मळीपासून विमान इंधन' असं लिहिणार असाल तर थोडं थांबा. आमच्या भागात मळी म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी. साखरेचे स्फटिक काढून घेतल्यावर उरलेला काळा, दाट, चिकट रस ही एक मळी. तिच्यापासून इथेनॉल होतं. आणि उसाचा रस गाळताना मागे राहणारा मऊ, तपकिरी गाळ, जो शेतकरी ट्रॉली भरून खतासाठी नेतात, त्यालाही मळीच म्हणतात. दुसऱ्या मळीपासून बायोगॅस होतो, इथेनॉल होत नाही. कारखान्यात आम्ही गोंधळ टाळायला 'मोलॅसिस' आणि 'प्रेसमड' म्हणतो. तुम्हीही तेच लिहा, शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला कळेल. चिपाड आणि पाचट यांतही गल्लत नको. चिपाड गाळपानंतर उरतं, पाचट शेतात राहतं.

इथेनॉलपासून विमान इंधन कसं होतं ते तीन साध्या क्रियापदांत सांगता येतं : पाणी काढणं, जोडणं, हायड्रोजन देणं. इथेनॉलच्या रेणूतून पाणी काढलं की इथिलीन मिळतो. इथिलीनचे छोटे रेणू एकमेकांना जोडून लांब साखळ्या करतात. मग हायड्रोजन देऊन त्या स्थिर करतात. हाती येतं ते रासायनिकदृष्ट्या रॉकेलच्या घराण्यातलं. 'निर्जलीकरण' हा पाठ्यपुस्तकी शब्द खुशाल द्या, पण आधी 'पाणी काढणं' लिहा. निर्जलीकरण म्हटलं की मुलांना उलटी-जुलाब आठवतात.

आणि रॉकेल हा शब्द टाकून देऊ नका. विमानाचं इंधन म्हणजे बारकाईनं शुद्ध केलेलं, कडाक्याच्या थंडीतही न गोठणारं रॉकेल, हे सांगितलं की निम्मं गूढ उकलतं. 'केरोसीन'पेक्षा रॉकेल आपलं आहे.

सॅफ हवं तेवढं मिसळता येत नाही, हेही शब्दांतून कळावं. आजच्या मानकांनुसार नेहमीच्या विमान इंधनात ते जास्तीत जास्त ५० टक्के. त्यामुळे 'सॅफवर उडालेलं विमान' आणि 'सॅफमिश्रित इंधनावर उडालेलं विमान' यांतला फरक पाळा. पेट्रोलसाठी आपण 'इथेनॉलमिश्रित' म्हणतोच.

संपादनमेज :
वर्तमानपत्राच्या कामातून एक सांगते. 'शाश्वत' आता काढता येणार नाही. शाश्वत विकास, शाश्वत शेती, शाश्वत इंधन ही जोडी-तिडी घट्ट बसलीय. तुम्ही एकटे वेगळा शब्द लिहिलात तर मुलाला पुस्तिकेतली गोष्ट आणि बातमीतली गोष्ट एकच आहे हे ओळखू येणार नाही. शब्द ठेवा, त्याची व्याख्या मात्र कडक करा.

'निव्वळ शून्य'बद्दल मला जास्त काळजी वाटते. मराठीत 'निव्वळ'चे दोन अर्थ. 'निव्वळ नफा', 'निव्वळ वजन' यांत वजाबाकी करून उरलेलं. 'निव्वळ थाप', 'निव्वळ योगायोग' यांत संपूर्ण, दुसरं काही नाही. 'निव्वळ शून्य उत्सर्जन' वाचणारा बहुधा दुसरा अर्थ घेतो, म्हणजे काहीही सोडायचं नाही. उद्दिष्टाचा अर्थ पहिला आहे : जेवढं सोडलं तेवढं काढून घेतलं. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी बातमीत 'वजाजाता शून्य' लिहायला सुरुवात केलीय. लांबट आहे, पण वाचक चुकत नाही.

दर्यावर्दी :
जहाजांचे शब्द मागितलेत म्हणून लिहितो. मी व्यापारी जहाजांवर इंजिनिअर होतो, आता कोथरूडला असतो.

आधी 'पारंपरिक' आणि 'अपारंपरिक' हे दोन शब्द जहाजांच्या प्रकरणातून काढून टाका. पाठ्यपुस्तकांत वारा हा 'अपारंपरिक' ऊर्जास्रोत आणि तेल 'पारंपरिक'. समुद्रावर हे साफ उलट आहे. आपल्या किनाऱ्यावरची गलबतं, पडाव, तारवं शतकानुशतकं वाऱ्यावर चालली. तेलाचं इंजिन जहाजावर आलं ते विसाव्या शतकात. आज वारा परत येतोय तर त्याला आपले शब्द तयारच आहेत. शीड, डोलकाठी. २०२३ मध्ये 'पिक्सिस ओशन' या मालवाहू जहाजावर ३७.५ मीटर उंचीची दोन ताठ पाती बसवली. त्यांना 'ताठ शिडं' म्हणा. दुसरा प्रकार म्हणजे फिरणारे उभे दंडगोल. वारा आडवा आला की दंडगोलाच्या एका बाजूला दाब कमी होतो आणि जहाज पुढे ओढलं जातं. अँटोन फ्लेटनर या जर्मन अभियंत्यानं १९२४ साली 'बुकाऊ' जहाजावर हे करून दाखवलं होतं. त्याला 'फिरतं शीड' म्हणता येईल. पण ही शिडं इंजिनाला हातभार लावतात, त्याची जागा घेत नाहीत, हे स्पष्ट लिहा.

आता जहाजाचं नेहमीचं इंधन. 'जड तेल' म्हटल्यानं काही समजत नाही. ते तेल गार असताना डांबराच्या जवळ जाणारं असतं. टाकीत वाफेच्या नळ्या फिरवून ते पातळ ठेवायचं, शुद्धीकरण यंत्रातून पाणी आणि गाळ काढायचा, मग शंभर अंशांच्या वर तापवून इंजिनात द्यायचं. या सगळ्यात आमची पाळीच्या पाळी जायची. त्यात गंधक भरपूर. २०२० पासून जगभर गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणली. पण गंधक कमी झालं म्हणजे कर्ब कमी झाला असं नाही. 'स्वच्छ इंधन' हा एकच शब्द दोन्हींसाठी वापरला की वाचक फसतो. गंधकासाठी 'कमी गंधकाचं' आणि कर्बासाठी 'कमी कर्बाचं', असं सरळ लिहा.

तसाच घोळ 'मिथेन गळती'चा. द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या इंजिनात थोडा मिथेन न जळताच धुराड्यातून निसटतो. पाइप फुटून होते ती गळती, ती दुरुस्त करता येते. हा मिथेन ज्वलनाच्या पद्धतीतच निसटतो. वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीएक पट तापवतो, म्हणून त्याला वेगळा शब्द हवाच. 'न जळलेला मिथेन' पुरे.

अमोनियाला मराठी प्रतिशब्द शोधत बसू नका. कोणी 'नवसागर वायू' सुचवेल, कारण कल्हईवाला वापरतो तो नवसागर अमोनियाचंच संयुग आहे. पण कोकणात बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात काम करणारा प्रत्येक जण 'अमोनिया'च म्हणतो, आणि त्याचा वास आला की काय करायचं हेही त्याला माहीत असतं. पुस्तिकेत हे जरूर लिहा. अमोनियात कर्ब नाही, उणे ३३ अंशांना तो द्रवरूप होतो, हायड्रोजनला त्यासाठी उणे २५३ अंश लागतात. या सोयीमुळेच जहाजवाले त्याच्याकडे वळलेत. पण तो विषारी आहे. खलाशाच्या जिवाचा प्रश्न 'शून्य-कर्ब' या गोड शब्दाखाली झाकला जाऊ नये.

पाषाणरस्ता :
दर्यावर्दीकाका, तुमच्या एका पोस्टमध्ये आमचं एक अख्खं प्रकरण आहे. मनापासून आभार.

हरित आणि हरितगृहाच्या प्रश्नावर असं सुचतं : वायूंसाठी 'उष्णता अडवणारे वायू' लिहू आणि 'हरितगृह वायू' हे रूढ नाव एकदाच देऊ. 'हरित हायड्रोजन'ला मात्र हात लावणार नाही. केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२३ मध्ये त्याची मोजमापाची व्याख्या केलीय : एक किलो हायड्रोजनमागे जास्तीत जास्त दोन किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन. आकडा जोडलेला असला की शब्दाला वजन येतं.

'वजाजाता शून्य' घेतोय. सॅफ मुख्य शब्द, आणि पहिल्यांदा येईल तिथे 'ज्याला शाश्वत विमान इंधन म्हणतात' एवढं. एक शब्द अजून हवाय. इंधनाचा कच्चा माल पिकवण्यापासून ते इंजिनात जळेपर्यंतचं सगळं उत्सर्जन मोजतात, त्याला 'जीवनचक्र मूल्यमापन' म्हणतात. शब्द बरोबर आहे, पण मुलाला बेडकाचं जीवनचक्र आठवतं.

भीमाकाठ :
'बांधापासून धुराड्यापर्यंतचा हिशेब.' यात उसाला दिलेलं पाणी, खत, ट्रॅक्टरचं डिझेल, आसवनीची वाफ, सगळं आलं. उसाचा विषय आला की पाण्याचं प्रकरण टाळू नका, एवढी विनंती. पाण्याची टंचाई असलेल्या तालुक्यातल्या उसाचं इंधन आणि टाकून दिलेल्या पाचटाचं इंधन एकाच मापानं मोजलं तर ते अन्यायाचं होईल.

फळाआणिखडू :
फार छान शब्द. कृत्रिम इंधनाला बांध नाही, तिथे 'उगमापासून धुराड्यापर्यंत' करा. पाण्याचा मुद्दा मुलांना अंकगणितासकट द्या, ती तो नीट समजून घेतात.

संपादनमेज :
जहाजांसाठी 'नौवहन' लिहिणार का? सरकारी शब्द तोच आहे, पण 'नौकानयन'शी त्याची सतत गल्लत होते.

दर्यावर्दी :
'जहाज वाहतूक' लिहा. नौवहन फक्त महासंचालनालयाच्या नावात येईल तिथे. आणि बंदरात जहाज इंधन घेतं त्याला 'बंकरिंग'. आम्ही जहाजावर 'बंकर घेतलं' असंच म्हणायचो. पूर्वी कोळसा ज्या कोठारात भरायचे ते बंकर, त्यावरून नाव पडलं आणि तेल आल्यावरही तेच राहिलं. उद्या मिथेनॉल भरतील तेव्हाही खलाशी 'बंकर घेतलं'च म्हणणार. मिथेनॉल साध्या तापमानाला द्रव असतो, पण त्याच अंतरासाठी टाकी जवळपास अडीचपट मोठी लागते. तेव्हा 'बंकर'शेजारी टाकीचं एक चित्र काढा, तेलाची आणि मिथेनॉलची, एकाच प्रमाणात. चित्रासाठी मापं लागली तर रविवारी सकाळी या, माझ्याकडे जुने आराखडे आहेत.