प्रतिसाद: क्लफ फक्त बडबड्या?

वर कोणीतरी लिहिलंय की इंग्लिश फुटबॉल मॅनेजर ब्रायन क्लफ नुसता तोंडाळ, लीड्स क्लबने ४४ दिवसांत हाकलला. हाकलला हे खरंच, आणि चूक त्याचीच होती, चॅम्पियन टीमच्या प्लेयर्सना पहिल्याच भेटीत तुमची मेडल्स कचऱ्यात टाका, चीटिंग करून मिळवलीत म्हटल्यावर दुसरं काय होणार!

पण पुढचं बघा ना राव. १९७५ ला नॉटिंगहॅम फॉरेस्ट क्लब हाती घेतला तेव्हा टीम सेकंड डिव्हिजनमध्ये, म्हणजे खालच्या लीगमध्ये, रखडलेली, ७७ ला वर आली, ७८ ला थेट लीग जिंकली आणि ७९, ८० लागोपाठ दोन युरोपियन कप (आताची चॅम्पियन्स लीग). स्ट्रायकर ट्रेव्हर फ्रान्सिसला दहा लाख पाउंड देऊन आणला, तेव्हा ब्रिटनमध्ये एका प्लेयरसाठी एवढे कोणी मोजले नव्हते, आणि प्रेस कॉन्फरन्सला हा क्लफबाबा स्क्वॉशची रॅकेट घेऊन हजर, जसं काय जाता जाता डोकावलाय.

मला मात्र फॉरेस्टचा विंगर जॉन रॉबर्टसनचं जास्त कौतुक वाटतं. जाडसर, सिगरेटी ओढणारा, क्लफ त्याला येताजाता टोमणे मारायचा, पण ७९ च्या युरोपियन कप फायनलला ज्यावर गोल झाला तो क्रॉस त्याचाच आणि ८० ला गोलही त्याचाच.

हां, क्लफचा असिस्टंट पीटर टेलर सोबत असतानाच हे सगळं जमलं, तो गेल्यावर युरोपियन कप परत नाही आला.