कराची बंदर आणि गेटवरची नोटीस

घणसोलीकर (धागाकर्ता)

८ मे २०२५ची रात्र आठवा. आदल्या दिवशी ऑपरेशन सिंदूर झालं होतं. रात्री अकरानंतर सोसायटीच्या ग्रुपवर सुरू झालं, 'कराची बंदर उडवलं!' टीव्ही लावला तर तिथेही तेच, स्टुडिओत भोंगे वाजतायत. सी विंगमधल्या एका काकांनी दिवाळीची उरलेली माळ लावली. सकाळी उठून बघतो तर कराची बंदर जागच्या जागी. दोन दिवसांनी सरकारलाच वाहिन्यांना सांगावं लागलं की बाबांनो, ते हवाई हल्ल्याचे भोंगे बंद करा.

त्याच आठवड्यात आमच्या गेटवर एक कागद चिकटवला होता, वॉचमनच्या स्टुलामागे, अर्धा फाटलेला. वीजमीटर बदलायला एजन्सीची माणसं येणार म्हणून. मी ग्रुपवर विचारलं, ही एजन्सी कोण? मीटर बिघडला तर दाद कुणाकडे मागायची? उत्तर आलं, 'सर, देश कुठल्या परिस्थितीत आहे आणि तुम्हाला मीटरचं पडलंय?' खाली अकरा अंगठे.

माझं म्हणणं एवढंच. कराची बंदर शाबूत आहे हे पाकिस्तानला माहीतच होतं. ती बातमी आपल्यासाठी होती. आणि अशा धुराळ्यात सरकारी सेवा हळूच विकायला सोपं जातं. ब्रिटन बघा. जून १९८२मध्ये फॉकलंड जिंकलं, जून १९८३मध्ये थॅचरबाई दणदणीत बहुमताने परत आल्या, १९८४ला टेलिफोन विकला, १९८६ला गॅस, १९८९ला इंग्लंड-वेल्सचं पाणी. आपल्याकडे कारगिल १९९९च्या उन्हाळ्यात, सप्टेंबर-ऑक्टोबरात निवडणूक, डिसेंबरात निर्गुंतवणूक खातं, म्हणजे सरकारी कंपन्या विकायचं खातं, आणि जानेवारी २०००मध्ये सरकारी मॉडर्न ब्रेड विकून मोकळे.

कोपरीचा_कट्टा

कावळा बसायला आणि फांदी मोडायला! घणसोलीकर, तुम्ही सोयीची युद्धं निवडलीत. १९७१चं का सोडलंत? कारगिलपेक्षा कितीतरी मोठा विजय. त्यानंतर सर्वसाधारण विमा सरकारी झाला, १९७३पर्यंत कोळसा खाणी सरकारी झाल्या, १९७४ला आजारी कापडगिरण्याही सरकारने घेतल्या. (त्या गिरण्यांचं पुढे काय झालं ते लालबागला विचारा.) युद्ध जिंकलं की सरकारचा हात बळकट होतो. त्या हाताने विकायचं की विकत घ्यायचं, हे ज्याच्या त्याच्या विचारावर. आणि थॅचरबाई काय एकट्या फॉकलंडवर निवडून आल्या? समोर मजूर पक्ष फुटलेला होता.

वाहिन्यांनी खोटं सांगितलं हे मान्य, लाज वाटली पाहिजे. पण खोटी बातमी वेगळी आणि वीज वेगळी. दिल्लीत २००२ला वितरण खासगी झालं तेव्हा निम्मी वीज गळती-चोरीत जात होती. आज गळती दहा टक्क्यांच्या आत आहे. भिवंडीत २००७ला वितरण खासगी कंपनीकडे जायच्या आधी वीज चोरायला तारांवर किती आकडे टाकलेले असायचे ते तिकडच्या यंत्रमागवाल्याला विचारा. बिल भरणाऱ्याने फुकट्याचं का भरायचं?

खांबावरचा

मी लाइनमन होतो, निवृत्त झालो. थोडं सांगतो.

४ जानेवारी २०२३ला आम्ही ७२ तासांचा संप पुकारला होता. मुलुंड-भांडुपपासून ठाणे, नवी मुंबई, पनवेल, उरणपर्यंत समांतर वितरणाचा, म्हणजे महावितरणच्याच भागात वीज विकायचा, परवाना अदानींच्या कंपनीने मागितला होता, त्याविरुद्ध. त्याच दिवशी सह्याद्री अतिथीगृहावर बैठक झाली, तेव्हाचे ऊर्जामंत्री फडणवीसांनी खासगीकरण करणार नाही म्हणून सांगितलं, संप मागे घेतला. तेव्हा सीमा शांत होती म्हणून टीव्हीवाले निदान माइक घेऊन आमच्या दारात आले. मे २०२५मध्ये असा संप केला असता तर आम्हाला काय म्हटलं असतं, ते तुम्हीच ठरवा.

कट्टेकर, आकड्यांचं तुमचं खरं आहे. मी स्वतः आकडे काढलेत आणि शिव्या खाल्ल्यात. पण परवाना मागताना कुणी मोखाड्याचा पाडा मागितला का? मागितली ती ठाणे-बेलापूर पट्टी, जिथे कारखाने आहेत, टॉवर आहेत, बिल वेळेवर येतं. भाकरीवरचं लोणी त्यांना आणि कोरडी भाकरी महावितरणला. शेतीपंपाची सवलत मग कुणाच्या बिलातून भागवायची?

कळव्याची_ताई

आमच्याकडे कळवा-मुंब्रा-दिव्यात १ मार्च २०२०पासून वितरण फ्रँचायझीकडे, म्हणजे महावितरणने नेमलेल्या खासगी कंपनीकडे आहे. तीन आठवड्यांत लॉकडाउन. मोर्चा काढणार कोण आणि कसा? तेव्हाही भाषा युद्धाचीच होती हो. महाभारताचं युद्ध १८ दिवसांत जिंकलं, हे २१ दिवसांत जिंकायचं, असं पंतप्रधानच म्हणाले होते. आणि आपण घरात कोंडलेले असताना, १६ मे २०२०ला, अर्थमंत्र्यांनी केंद्रशासित प्रदेशांतलं वीजवितरण खासगी करायचं जाहीर केलं. घणसोलीकरांना फॉकलंडपर्यंत जायची गरजच नव्हती.

जूनमध्ये बिलं फुगून आली ती मात्र महावितरणसकट सगळ्यांचीच, हेही सांगायला हवं. आणि आमच्या चाळीत दिवे जायचं कमी झालंय, ते मी नाकारणार नाही.

कोपरीचा_कट्टा

ताई, १६ मेच्या मुद्द्याला दाद देतो, हा मला सुचला नव्हता. पण त्या घोषणेतलं चंदीगड प्रत्यक्षात कंपनीकडे गेलं १ फेब्रुवारी २०२५ला! मध्ये संप झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. पावणेपाच वर्षं भांडण चाललं, त्याला 'हळूच' कसं म्हणायचं? धुराळा एवढे दिवस टिकत नाही.

लाइनमन काका, लोण्याचा मुद्दा तुमचा बिनतोड. माझ्याकडे उत्तर एवढंच की परवाना देताना अख्खा जिल्हा घ्यायची अट घाला, शहापूर-मुरबाडसकट. सरकारने ती घालावी यासाठी भांडू, मी येतो तुमच्याबरोबर. पण 'सरकारी ते चांगलं' हे माझ्याकडून वदवून घेऊ नका. वडिलांनी टेलिफोनसाठी नंबर लावला तेव्हा मी चौथीत होतो. फोन आला तेव्हा दहावीची पुस्तकं विकून झाली होती.

खांबावरचा

अख्खा जिल्हा घ्यायची अट घातलीत तर अर्ज करायला कोण येतं ते बघू.

कोपरीचा_कट्टा

हा हा! बघूच. घणसोलीकर, धागा पेटवून कुठे गायब झालात? तो मीटर बसवलात की नाही शेवटी?

घणसोलीकर

बसवला. विशी-बाविशीचा पोरगा आला होता, पाठीला बॅग, हातात एकच हातमोजा. पाणी दिलं. म्हटलं, बाळा, तू महावितरणचा का? म्हणाला, नाही काका, एजन्सीचा. म्हटलं, एजन्सी कुठली? त्याने गळ्यातलं कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, ही आधीची आहे, नवीन कार्ड अजून आलं नाही.