कारणे दाखवा नोटीस आलीय, खुलाशात कोणतं कलम टाकू?

टेबल_नं_४: आंदोलनाबद्दल साहेबांनी नोटीस हातात ठेवली. सात दिवसांत खुलासा, त्यातले चार गेले. संघटना करणं हा घटनेनं दिलेला हक्क आहे ना? मग शिस्तभंग कसला? पटकन सांगा.

तिरपागडा: राज्य सरकारी, जिल्हा परिषद की महापालिका? आणि आंदोलन म्हणजे संप की काळ्या फिती?

पालिकेचा_गडी: खुलासाबिलासा सोडा. 1971 च्या एमआरटीयू (कामगार संघटना आणि अनुचित कामगार प्रथांच्या) कायद्याखाली थेट औद्योगिक न्यायालयात तक्रार ठोका. आम्ही तेच केलं.

तिरपागडा: तो कायदा 'उद्योगा'ला लागतो. मंत्रालयातला कारकून तिथे गेला तर दारातूनच परत येईल. त्याला मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण.

निवृत्त_७७: 1977 च्या डिसेंबरात संपावर बसलो ते 54 दिवस. कर्णिक साहेब नेते होते. किराणावाला उधारीवर देत होता म्हणून निभावलं. तुम्ही 2023 ला जुन्या पेन्शनसाठी सात दिवसांत उठलात!

एनपीएसग्रस्त: काका, तुम्हाला पेन्शन आहे म्हणून बोलताय.

कायदेपंडित: संपाचा हक्क नाहीच. रंगराजन निकाल, सर्वोच्च न्यायालय, 2003. विषय संपला.

तिरपागडा: संपला कसा? 1962 च्या कामेश्वर प्रसाद निकालात संपाला नकार आहे, पण शांततेच्या निदर्शनांवरची सरसकट बंदी त्याच निकालाने रद्द केली. म्हणून तर विचारतोय, नक्की केलंत काय?

नवा_सचिव: संघटना नोंदवायला किमान सात अर्जदार लागतात. फॉर्म हवा तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

टेबल_नं_४: संघटना जुनीच आहे हो! मी जिल्हा परिषदेत. संप नाही, जेवणाच्या सुट्टीत गेटसभा घेतली, एवढंच.

तिरपागडा: मग मॅटही विसरा, जिल्हा परिषदवाल्यांना ते नाही. नोटिशीतलं वाक्य जसंच्या तसं टाका.

टेबल_नं_४: 'दुपारी 2 नंतर कार्यालयीन वेळेत विनापरवानगी गैरहजर.' सभा लांबली, मग निवेदन द्यायला सीईओंकडे गेलो. साहेबांना तोंडी सांगितलं होतं.

तिरपागडा: अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं! नोटीस संघटनेबद्दल नाहीच, गैरहजेरीबद्दल आहे. घटनेचं कलम टाकून उपयोग नाही. निवेदनाची पोच जोडा, त्यावर वेळ असेल तर उत्तम. हजेरीपट आणि हालचाल नोंदवहीच्या (कोण कधी कुठे बाहेर गेलं त्या वहीच्या) प्रती मागा, त्या मिळेपर्यंत मुदतवाढही. सगळं लेखी, आवक शिक्क्यासह.

पालिकेचा_गडी: तरी मी म्हणतो, औद्योगिक न्यायालय.

टेबल_नं_४: पोच आहे, 4.10 ची. पण हालचाल नोंदवही साहेबांच्याच कपाटात असते.