ऑगस्टअखेर तळ्याकाठी तुतवार: ग्रीन की वुड सँडपायपर?

पाणकाठ:
आज सकाळी चिखलकाठी एकटाच तुतवार (सँडपायपर, पाणकाठचा लहान पक्षी). पाठ गडद, तीवर बारीक ठिपके, पोट पांढरं, शेपूट खालीवर. पाय हिरवट वाटले. अंतर सुमारे ६० मीटर. नोंद ग्रीन सँडपायपर करू की वुड? कॉमन सँडपायपर कसा वगळायचा? आणि थंडीला इतका अवकाश असताना हा हिवाळी पाहुणा आत्ताच कसा आला?

पंखखूण:
पायांच्या रंगावर जाऊ नका. ओला चिखल बसला की वुडचे पिवळट पायही हिरवट दिसतात. भुवई, म्हणजे डोळ्यावरची फिकट रेघ, बघा. ग्रीनची पांढरी भुवई डोळ्यापाशीच संपते, वुडची डोळ्यामागे लांब जाते. कॉमनला छाती आणि मिटलेला पंख यांच्यामधून पांढरा पट्टा खांद्याकडे चढलेला असतो, तो लांबूनही दिसतो. शेपूट तिघंही हलवतात, कॉमन जवळजवळ अखंड.

पक्षी उडाला तर आधी पंखांची खालची बाजू बघा. ग्रीनचे पंख खालून काळपट, शेपटीचं बूड पांढरंशुभ्र, शेपटीवर मोजकेच रुंद पट्टे. वुडचंही बूड पांढरंच, पण पंख खालून फिकट आणि पाय शेपटीच्या चांगले बाहेर आलेले. कॉमनचं बूड तपकिरी, पंखावर पांढरी रेघ, आणि तो पाण्यालगत ताठ पंख थरथरवत जातो. मात्र यासाठी मुद्दाम उडवू नका. प्रवासातल्या पक्ष्याला इथे पोटभर खाऊन पुढचा पल्ला गाठायचा असतो.

शीळ:
माझ्या मते पिसाऱ्यापेक्षा आवाज भरवशाचा. ग्रीन उठताना मोठ्याने, चढत्या सुरात ‘त्लुईट्-विट्-विट्’. वुड कोरडं, एकसुरी ‘चिफ्-इफ्-इफ्’. कॉमन बारीक, उतरती ‘ट्वी-वी-वी’. पक्षी उठायच्या आधीच फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा, उठल्यावर बटण शोधेपर्यंत तो गेलेला असतो.

स्थलांतर_नोंद:
ऑगस्ट लवकर नाही. ग्रीन आणि वुडच्या माद्या पिल्लं उडायला लागण्याआधीच दक्षिणेकडे निघतात, पिल्लांजवळ नर थांबतो. वीण फसलेले पक्षीही आधी परततात. त्या वर्षीची पिल्लं मागाहून येतात. म्हणून आत्ता झिजलेल्या, विरलेल्या कडांची पिसं दिसली तर पक्षी प्रौढ. सगळी पिसं एकसारखी ताजी आणि ठिपके रेखीव असतील तर यंदाचं पिल्लू. नोंदीत वय जरूर लिहा, कोणती लाट कधी आली ते त्यावरून कळतं. (ग्रीन अंडी घालतो झाडावर, बहुधा दुसऱ्या पक्ष्यांच्या जुन्या घरट्यात. काठावरच्या पक्ष्यात हे विरळाच.)

पाणकाठ:
फोटो मोठा करून पाहिला. भुवई डोळ्यापाशी थांबते, डोळ्याभोवती पांढरं कडं ठळक आहे. खांद्याकडे पांढरा पट्टा नाही. उडताना पाहिलेला नाही.

पंखखूण:
मग ग्रीन. नोंदीला फोटो जोडा आणि ‘उडताना पाहिला नाही’ हेही लिहा. भुवई स्पष्ट नसती तर ईबर्डवर (पक्षीनोंदींचं संकेतस्थळ) ‘ट्रिंगा स्पीशीज’, म्हणजे ग्रीन-वुडच्या ट्रिंगा कुळातला, जात नक्की नाही, एवढंच टाकणं योग्य ठरलं असतं. उद्या ऊन चढायच्या आत, सूर्य पाठीशी घेऊन बसा. नंतर चिखलावरची हवा थरथरते आणि ६० मीटरवरची भुवई दिसत नाही.